आमच्या मापाचे औषध

गेल्या पालक मेळाव्यात एका पालकांनी विचारलेला प्रश्न अजून आमच्या मनातून जात नाही. हे गृहस्थ सणसवाडीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. त्यांची मुलगी आपल्या विद्यालयात नववीत शिकते आणि पुढे संगणकाचे शिक्षण घ्यावे, अशी तिची इच्छा आहे. ते म्हणाले, "सर, आता म्हणे यंत्रच प्रोग्राम लिहितं आणि यंत्रच रोगाचं औषध सांगतं. मग आमच्या पोरीनं एवढं शिकून करायचं काय?" त्या दिवशी आम्ही 'शिक्षण कधी वाया जात नाही' असे ठरावीक उत्तर देऊन वेळ निभावून नेली. त्यांचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. स्मरणिकेत गतकाळाच्या आठवणी लिहाव्यात, असा प्रघात आहे. परंतु संपादक मंडळाच्या अनुमतीने आम्ही येथे त्या प्रश्नाचे, उशिराने का होईना, नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय, ते समजून घेऊ. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द घराघरांत पोहोचला. पुस्तके, वृत्तपत्रे, संकेतस्थळे, संगणकाचे प्रोग्राम असा अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधण्यास ही मोठी मॉडेल्स शिकलेली असतात. हा अंदाज इतका सूक्ष्म झाला आहे की, त्यातून निबंध लिहिला जातो, हिशेब मांडला जातो आणि प्रोग्रामही तयार होतो. याच विद्येच्या दुसऱ्या शाखेने प्रथिनांच्या घडणीचे जुने कोडे बरेचसे उलगडले. 'अल्फाफोल्ड' नावाच्या या कामाबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. 20 कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज आज जगातील कोणताही संशोधक विनामूल्य पाहू शकतो. नव्या औषधांच्या शोधाला याची मोठी मदत होत आहे.

सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने या विद्येचे दोन उपयोग महत्त्वाचे ठरणार आहेत. पहिला उपयोग ज्याच्या त्याच्या गरजेचे सॉफ्टवेअर तयार करण्याचा, दुसरा ज्याच्या त्याच्या देहाला लागू पडेल असे औषधोपचार ठरविण्याचा. आतापर्यंत सॉफ्टवेअर म्हणजे बाजारातील तयार कपडे होते. मोठ्या कंपनीने, मोठ्या शहरासाठी, ठरावीक मापात शिवलेले. अंगाला बसले तर बसले, नाहीतर आपणच आवळून घ्यायचे. स्वतंत्र शिंपी लावून माप देऊन शिवून घेण्याची ऐपत आपल्यासारख्या संस्थांकडे कधीच नव्हती. औषधाचेही तसेच. एका रोगाला एक गोळी, घेणारा कोणीही असो. आता माप घेऊन शिवणारा शिंपी स्वस्तात मिळेल, असे सांगितले जात आहे. यातील किती खरे, हे आम्ही ऐकीव माहितीवर सांगणार नाही. आपल्या विद्यालयातच घडलेला एक अनुभव सांगतो.

आपल्या वसतिगृहात मुलामुलींच्या आरोग्याची नोंदवही फार वर्षांपासून ठेवली जाते. उंची, वजन, ताप-खोकला, दर आठवड्याला दिलेली लोहाची निळी गोळी, जंतनाशक दिनाची गोळी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येऊन गेल्यावरचे शेरे, असे सर्व त्या जाड रेघी वहीत असते. वही जपली जाते, परंतु वाचली जात नाही. शेकडो मुलांच्या ओळी कोण पडताळून पाहणार? विकतचे सॉफ्टवेअर परवडणारे नव्हते आणि त्यात आपल्याला नको त्या पन्नास गोष्टी होत्या. गेल्या वर्षी खराडीच्या संगणक क्षेत्रात नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी रविवारी विद्यालयात आला. अधीक्षिका, तो आणि आम्ही असे तिघे बसलो. वहीत काय असते आणि आम्हाला काय कळायला हवे, ते आम्ही साध्या मराठीत सांगत गेलो आणि मॉडेल प्रोग्राम लिहीत गेले. सायंकाळच्या वंदनेपूर्वी कामापुरते सॉफ्टवेअर तयार झाले होते. पुढच्या दोन रविवारी त्यातील चुका दुरुस्त केल्या. एवढ्यावर ते चालू झाले.

त्याचा लाभ लगेच दिसला. ज्या मुलांचे वजन लागोपाठ घटले आहे, त्यांची यादी यंत्राने समोर ठेवली. त्यात सातवीतील एक मुलगी होती. तिचे वजन तीन महिने घटत होते आणि वहीत ते तीनही आकडे आमच्याच हस्ताक्षरात होते. आम्ही लिहिले होते, पण पाहिले नव्हते. तिला ग्रामीण रुग्णालयात नेले, रक्तक्षय निघाला, उपचार सुरू झाले. त्या दिवशी आम्हाला यंत्राविषयी कृतज्ञता वाटली, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो.

परंतु त्याच यंत्राने दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत आम्हाला गाफील ठेवले. त्याचे आईवडील ऊसतोडणीला जातात. हंगामात धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी त्यालाही कोपीवर नेले होते. दोन महिन्यांनी तो परत आला. त्या काळातील त्याच्या सर्व चौकटी रिकाम्या होत्या. प्रोग्रामने रिकामी चौकट म्हणजे 'तक्रार नाही' असे धरले आणि त्याच्या नावापुढे हिरवी खूण दाखविली. आम्ही ती खूण पाहून निश्चिंत राहिलो. तीन आठवड्यांनंतर स्वयंपाकघरातील मावशींनी अधीक्षिकेला सांगितले, "हे पोरगं रात्रीचं खोकतंय, भाकरी अर्धी टाकतंय, अंग चटका लागण्यागत गरम असतं." तपासणीत क्षयरोग निघाला. सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले असून तो आता बरा आहे. पण मावशींनी त्याच्या कपाळाला हात लावला नसता, तर काय झाले असते, या विचाराने आजही आमची झोप उडते. हा दोष यंत्राच्या माथी मारून आम्हाला मोकळे होता येणार नाही. रिकाम्या चौकटीचा अर्थ काय घ्यावा, हे आम्ही सांगितलेच नव्हते. आणि ज्याची चौकट रिकामी राहते, तो नेहमी ऊसतोड कामगाराचाच मुलगा असतो, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.

हीच चूक जगातील फार मोठ्या यंत्रांनीही केली आहे. 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील एका अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णांना अधिक काळजीची गरज आहे, हे ठरविणारा एक प्रोग्राम तेथे मोठ्या प्रमाणावर वापरला जात होता. त्याने आजारपण मोजण्यासाठी त्या व्यक्तीच्या उपचारांवर झालेला खर्च हे माप धरले होते. काळ्या लोकांवर, तितकेच आजारी असूनही, कमी खर्च होत असे. म्हणून यंत्राने त्यांना अधिक निरोगी ठरविले. हा दोष दूर केल्यास जादा मदत मिळण्यास पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रुग्णांचे प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. यंत्रात वंश हा रकानाच नव्हता. भेदभाव करावा, असेही कोणी लिहिले नव्हते. समाजातील विषमता आकड्यांच्या रूपाने आत शिरली आणि बाहेर पडताना तिला विज्ञानाचा पोशाख मिळाला. जातीचा रकाना नसलेली कागदपत्रे किती जातीयवादी असू शकतात, हे आपल्या समाजाला निराळे सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण आपल्या दारापर्यंत आलेले आहे. कोरोनाच्या काळात 15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशाताई घरोघर येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावीत. त्याच वर्षी डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायू खरोखर घटलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवितो, ही चूक काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. हे उपकरण प्रकाशाच्या साहाय्याने माप घेते आणि त्वचेचा रंग त्या मापाच्या आड येतो. उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या माणसांच्या बोटावर त्या यंत्राने किती खरे सांगितले असेल, हा प्रश्न त्या दिवसांत आम्हालाही सुचला नाही.

तिसरे उदाहरण क्षयरोगाचे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचा संशय सांगणारे सॉफ्टवेअर 2016 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या 'क्युअर.एआय' या कंपनीनेही तयार केले आहे. क्ष-किरणतज्ज्ञ नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी अशा साधनाचे मोल मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली या प्रकारच्या सॉफ्टवेअरच्या वापरास मान्यता देणारी शिफारस केली. पण ती शिफारस 15 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी होती. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले त्याहून लहान आहेत. म्हणजे यंत्र चांगले आहे, पण आपल्या लेकरांचे माप त्या शिफारशीत नव्हते.

या तिन्ही उदाहरणांवरून आम्ही एका निष्कर्षापर्यंत आलो आहोत. वैयक्तिक औषध आणि वैयक्तिक सॉफ्टवेअर हे त्याच व्यक्तीचे असते, जिची नोंद झालेली असते. ज्याची नोंद नाही, त्याला दुसऱ्याच्या मापाचे औषध मिळते आणि ते आपल्याच मापाचे आहे, अशी त्याची समजूत करून दिली जाते. भाषेचेही तेच आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे 8.30 कोटी लोक आहेत. तरीही मराठी विकिपीडियावर सुमारे 1 लाख लेख आहेत आणि इंग्रजीवर सुमारे 70 लाख. मॉडेल ज्या मजकुरावर वाढते, त्यात आपली भाषा एवढीशी. आणि त्यातही आपल्या वस्तीची बोली किती असणार? आमच्या सॉफ्टवेअरला ताप समजला. पण 'अंगात कणकण आहे', 'बरगडीत चमक भरते', 'पोटात कळ येऊन मुरडा पडतो' या शब्दांत ते अडखळले. लेकरे आपले दुखणे याच शब्दांत सांगतात.

मग नोंद कशी व्हावी? याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. कोरेगाव भीमापासून थोड्याच अंतरावर वढू बुद्रुक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात तेथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांना आरोग्य कार्यकर्त्या बनविले. या लोकसेवेबद्दल डॉ. कोयाजी यांना 1993 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2002 पासून केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने शिरूर आणि हवेली तालुक्यांतील 22 गावांची आरोग्य व लोकसंख्याविषयक नोंद नियमितपणे ठेवण्यास आरंभ केला. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची माहिती घरोघरी जाऊन घेतली जाते. येथे रिकाम्या चौकटीला 'तक्रार नाही' असे समजले जात नाही. घर बंद असेल, तर पुन्हा जावे लागते, शेजाऱ्यांना विचारावे लागते. रोटाव्हायरसच्या स्वदेशी लशीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे 6,799 बालकांवर झाली, त्यात पुण्याचे केंद्र हे वढूचेच होते. 2014 साली ती लस मान्य झाली, 2016 पासून सरकारी लसीकरणात आली आणि आज ती बाळांना विनामूल्य मिळते. तिच्या एका डोसाची जाहीर झालेली किंमत होती एक डॉलर.

आता याशेजारी दुसरी किंमत ठेवून पाहावी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात बऱ्याच प्रमाणात आढळतो. तेथील नातेवाइकांच्या घरी तो अनेकांनी पाहिलाही असेल. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदलतो आणि माणूस आयुष्यभर वेदना भोगतो. 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत या आजारावर 'कॅसजेव्ही' ही जनुकीय उपचारपद्धती मान्य झाली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, त्यांत दुरुस्ती करून त्या परत त्याच्याच देहात सोडतात. हे काम मोठ्या मॉडेलचे नव्हे. परंतु एका व्यक्तीसाठी एक औषध या ध्येयाचे ते आजचे सर्वांत लखलखीत रूप आहे. अमेरिकेत तिची किंमत 22 लाख डॉलर ठेवण्यात आली. आपल्याकडे 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. 2025 च्या जानेवारीत 10,000 भारतीयांच्या जनुकसंचाची माहितीही देशातील संशोधकांना खुली करण्यात आली. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण आमचा प्रश्न असा आहे की, आमच्या रक्ताच्या थेंबातून जे ज्ञान निर्माण होईल, त्याचे औषध एका डॉलरच्या वाटेने आमच्याकडे परत येणार की 22 लाख डॉलरच्या वाटेने? हा प्रश्न यंत्र सोडविणार नाही. तो कायद्याने, सरकारी खर्चाने आणि जागृत समाजाने सोडवावयाचा आहे.

बाबासाहेबांनी यंत्राविषयी आपली भूमिका स्पष्ट शब्दांत मांडून ठेवली आहे. 1945 सालच्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्रविरोध नाकारला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती संभवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून यंत्र मोडू नका, रचना बदला, हे त्यांचे सांगणे. आपल्यातील काही कार्यकर्ते कृत्रिम बुद्धिमत्तेला भांडवलदारांचे हत्यार म्हणून दूर सारतात आणि काही तरुण तिला मुक्तिदाती समजतात. दोघांनीही ती पाने पुन्हा वाचावीत, अशी आमची विनंती आहे.

मात्र एका गोष्टीत आम्ही कोणतीही तडजोड करू इच्छित नाही. ती गोष्ट म्हणजे स्पर्श. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्यांची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येण्यास तयार नव्हता. मध्यस्थी झाल्यावर तो वस्तीबाहेर तपासण्यास तयार झाला, पण त्याने थर्मामीटर आधी एका मुसलमान व्यक्तीच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठविले आणि पुन्हा तो आलाच नाही. ती माता दगावली. लक्षात घ्यावे की, माप घेतले गेले होते, निदानही झाले होते. नव्हता तो फक्त रुग्णाला माणूस मानणारा हात.

आमची भीती हीच आहे. उद्या श्रीमंतांसाठी हाताने नाडी पाहणारा डॉक्टर आणि गरिबांसाठी मोबाईलवर उत्तर देणारे मॉडेल अशी वाटणी झाली, तर ती जुन्याच अस्पृश्यतेची सुधारलेली आवृत्ती ठरेल. आपली परंपरा याच्या नेमकी उलट आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः स्नान घातले आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे, असा संघाला उपदेश केला. 1897 च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या स्वयंपाकघरातील मावशी त्याच परंपरेच्या आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. म्हणून आम्ही येथे लिहून ठेवतो.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांची शंका निराधार नाही. आपल्या समाजातील पहिली पिढी खराडी-हिंजवडीच्या संगणकापाशी पोहोचते न पोहोचते, तोच तिचे प्राथमिक काम यंत्र करू लागले आहे. खासगी नोकऱ्यांत आरक्षण नाही. कौशल्य हेच आपले प्रवेशपत्र होते आणि ते प्रवेशपत्र स्वस्त होत आहे. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु आमच्या लहानशा अनुभवाने आम्हाला शिकविले की, प्रोग्राम लिहिणे सोपे झाले तरी काय लिहावयाचे, हे ठरविणे सोपे झालेले नाही. रिकामी चौकट कोणाची आहे आणि ती का रिकामी आहे, हे ज्याने कोपीतले जिणे पाहिले आहे, त्यालाच कळते. आपल्या मुलीजवळ गणित, तर्क, जीवशास्त्र आणि त्याबरोबर आपल्या वस्तीचे ज्ञान असेल, तर ती यंत्राला असे प्रश्न विचारील, जे मोठ्या शहरातील अभियंत्याला सुचणारच नाहीत. म्हणून तिने शिकावे; पूर्वीपेक्षा अधिक शिकावे. फक्त संगणक नव्हे, इतिहास आणि समाजशास्त्रही शिकावे.

यासाठी आपल्या विद्यालयाने काही निर्णय घ्यावेत, असे आम्ही सुचवितो. वसतिगृहाची आरोग्य नोंदवही संगणकावर असावी. पण रिकाम्या चौकटीला लाल खूण असावी आणि त्या मुलाची विचारपूस माणसाने प्रत्यक्ष करावी. स्वयंपाकघरातील मावशी, पहारेकरी, खोलीतील सोबती यांचे निरीक्षण लिहिण्यासाठी त्यात वेगळा रकाना असावा. यंत्राने केवळ 'इकडे लक्ष द्या' एवढेच सांगावे. औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरच ठरवतील. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. ती संमती अंगठ्यापुरती घेतली जाऊ नये. माहिती कोठे राहील, कोण पाहील आणि नकार दिल्यास काय होईल, हे पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. मुलांची नावे विद्यालयाबाहेरच्या कोणत्याही मॉडेलला देऊ नयेत. आणि आपल्या मुलांनी दुखण्याखुपण्याचे आपल्या बोलीतील शब्द आजीआजोबांकडून गोळा करून त्यांचा कोश तयार करावा. परिचारिका, औषधनिर्माते, संगणक अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक रविवार या कामाला द्यावा. देणगीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक मोल आम्ही त्या रविवारला देऊ.

दर वर्षी 1 जानेवारीला आपण भीमा नदीकाठच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे आले, त्याच्या 109 वर्षे आधीच्या लढाईत पडलेल्या 22 महार सैनिकांची नावे त्या दगडावर कोरलेली होती. इतिहास शिकविताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो की, त्यांच्यासारखे असंख्य लढले आणि राबले. पण ज्यांची नावे कोरली गेली, त्यांच्याविषयी आपण बोलू शकतो. उद्याच्या औषधांच्या आणि यंत्रांच्या नोंदीत आपल्या लेकरांची नावे असली पाहिजेत. आणि ती केवळ तपासलेल्या रुग्णांच्या यादीत नकोत, ती यादी कशी करावी हे ठरविणाऱ्यांतही हवीत. त्या पालकांना आमचे उत्तर एवढेच. दादा, पोरीचे शिक्षण थांबवू नका. त्या यंत्राला तिची गरज लागणार आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!